पाचवी निळी वही

डॉक्टरबाईंनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि त्यांचं पुढचं वाक्य भाऊजींना ऐकूच आलं नाही.

निळ्या कापडाची बांधणी, गोलसर कापलेले कोपरे, मध्ये खुणेची राखाडी फीत. कागद सायीच्या रंगाचा. भाऊजींची तीस वर्षं नकाशे काढण्याच्या कचेरीत गेली होती. कागद लांबून बघूनच ते त्याची जात ओळखत. घरी त्यांच्या कपाटात अशा एकोणीस वह्या होत्या आणि सगळ्या कोऱ्या. एवढ्या चांगल्या वहीत लिहावं असं आपल्याकडे आहे काय, या विचाराने त्यांनी एकीतही अक्षर उमटवलं नव्हतं. टिपणं ते जुन्या पाकिटांच्या पाठीवर घेत.

"भाऊजी, लिहिताय ना?" वहिनींनी विचारलं.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. बावीस वर्षं त्यांनी बँकेत सह्या ताडून पाहण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम सुरू केलं आणि रिकामपणाने कावलेल्या दिराला मदतीला घेतलं.

भाऊजींनी घाईघाईने पाकीट उलटं केलं.

"पुन्हा सांगते," डॉक्टरबाई म्हणाल्या. साठीच्या, शांत आवाजाच्या. "माझा छोटा दवाखाना आहे. मी आणि माझी मुलगी, दोघी रुग्ण बघतो. एक आजोबा वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. नऊ तारखेला, मंगळवारी, मी त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली. जुन्या रुग्णांचं मी तोंडी सांगते, सिस्टर पुड्या बांधून वर डोस लिहितात. त्यांनी पुडीवर 'दीड' लिहिलं. शनिवारी सकाळी आजोबा चक्कर येऊन पडले. जीव वाचला, पण अजून इस्पितळात आहेत."

"आणि तुम्ही सांगितलं होतं किती?"

डॉक्टरबाईंनी वही उघडून पुढे सरकवली. नऊ तारखेच्या पानावर स्वच्छ अक्षरात होतं: 'आजोबा. गोळी कमी करणे. रोज अर्धी.'

"मग प्रश्नच मिटला," भाऊजी म्हणाले.

"सिस्टर म्हणतात, मी दीडच म्हणाले. त्यांनी उलट विचारलं, 'दीड ना?' तर मी 'हो' म्हणाले. त्या अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. एकदाही चुकलेल्या नाहीत. आणि मला त्या दिवशीचं काहीच आठवत नाही. लाज वाटते सांगायला, पण हल्ली गोष्टी निसटतात. म्हणून तर सगळं लिहिते. शुक्रवारी आजोबांच्या घरचे येणार आहेत. चूक कुणाची ते मला त्यांना खरं सांगायचंय."

वहिनी एकेक पान उलटत होत्या. "मध्येच या चिठ्ठ्या चिकटवल्यात?"

"दहा ते बारा तारखेच्या. दहाला माझं पेन पडलं, निब वाकलं. दुसऱ्या पेनाने मी या वहीत लिहीत नाही, खोड म्हणा. तीन दिवस वही घरी खणात होती, मी चिठ्ठ्यांवर लिहिलं आणि नंतर चिकटवलं. तसलं बारीक निब आता मिळत नाही म्हणे. दुरुस्तीवाल्याने मधल्या जाडीचं बसवून दिलं. शनिवारी मुलगी पेन घेऊन आली. मी आणि यजमान तेव्हा भावाकडे परगावी होतो. शुक्रवारी रात्री गेलो, रविवारी संध्याकाळी आलो. आल्याआल्या मुलीने आजोबांचं सांगितलं, मी यजमानांसमोरच वही उघडली."

"शाई कुठली वापरता?" भाऊजींनी मध्येच विचारलं.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

डॉक्टरबाई गेल्यावर भाऊजींनी वही मांडीवर घेतली. "वहिनी, हा बघा कामाचा माणूस. त्या चिठ्ठ्या सोडल्या तर पहिल्या पानापासून कालच्या पानापर्यंत एकसारखी रेघ. एक खाडाखोड नाही, एक डाग नाही. ही वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"लिहा पाकिटावर," वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई माडीवरच राहत, खाली तपासणीच्या दोन खोल्या. सिस्टर रजेवर होत्या, पण बोलावल्यावर आल्या. चाळिशीच्या, किडकिडीत. बाकाच्या अगदी कडेला बसल्या.

"मी ऐकलं ते बांधलं," त्या म्हणाल्या. "दीड ऐकलं, दीड लिहिलं. आधी एक होती, मला वाटलं वाढवली."

"कुठे लिहून ठेवलं होतंत?" वहिनींनी विचारलं.

सिस्टरांनी पर्समधून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण. त्यावर वेड्यावाकड्या ओळी: कुणाची पट्टी बदलायची, कुणाला फोन करायचा, आणि मध्ये 'आजोबा दीड. विचारलं.' कडेला तेलकट बोट उमटलेलं.

"कामात जे हाताला लागतं त्यावर लिहिते. नाहीतर तळहातावर."

वहिनींना आतून डॉक्टरबाईंच्या यजमानांनी हाक मारली. त्या उठून गेल्या आणि भाऊजी सिस्टरांबरोबर एकटे राहिले. आपणही काही तपास करावा असं त्यांना वाटलं. त्यांनी वही उघडून सिस्टरांच्या समोर धरली.

"सिस्टर, एकीकडे ही वही आणि एकीकडे हा पुठ्ठ्याचा कपटा. तुम्हीच सांगा, शहाण्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा?"

सिस्टर बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. वाचून झाल्यावरही बघत राहिल्या.

"बाईंनी लिहिलंय तर तसंच असेल," त्या हळूच म्हणाल्या. पुठ्ठा त्यांनी बाकावरच ठेवला आणि निघून गेल्या. भाऊजींनी तो उचलला. टाकून द्यावा असं मनात आलं होतं, पण मग पाकिटांबरोबर खिशात सरकवला.

यजमान तोवर वहिनींना दवाखान्याचा कारभार दाखवत होते. गृहस्थ गोल चेहऱ्याचे, बोलके. नोंदी, बिलं, पत्रं, सगळं संगणकावर.

"पंधरा वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलं नाही मी," ते अभिमानाने म्हणाले. "ही लिहिते. वर्षाच्या सुरुवातीला एकाच बांधणीवाल्याकडून एकदम बारा वह्या. महिन्याला एक. ना जास्त, ना कमी. घरात तिच्या वहीला कुणी हात लावत नाही. मी तर तिला म्हटलं, वही म्हणजे वही. कशाला तपासबिपास? सिस्टरांना समज द्या आणि मोकळे व्हा."

शेजारच्या खोलीत धाकट्या डॉक्टर एका रुग्णाला औषध लिहून देत होत्या. तिशीतल्या, डोळ्यांखाली काळं. भाऊजींनी टेबलावरचा कागद पाहिला.

"हे तर डॉक्टरबाईंनी आधीच लिहून ठेवलेलं दिसतंय."

"माझंच आहे ते." त्या ओझरतं हसल्या. "सगळेच फसतात. लहानपणी आईच्या जुन्या वह्यांवर पातळ कागद ठेवून गिरवायचे मी. मला दुसरं अक्षर आलंच नाही."

"शनिवारी इस्पितळातून फोन तुम्ही घेतलात?" वहिनींनी विचारलं.

"हो, दहाच्या सुमाराला. आईला परगावी कळवलं नाही. उगाच धावत आली असती. म्हटलं, आल्यावर सांगू."

"सिस्टरांबद्दल काय वाटतं?"

धाकट्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "चांगल्या आहेत त्या. दमलेला माणूस चुकतो. त्यांना काढू नका असं मी बाबांना सांगितलंय."

निघण्यापूर्वी डॉक्टरबाईंनी माडीवर नेऊन त्यांचं वह्यांचं कपाट दाखवलं. वरच्या फळीवर या वर्षीच्या भरलेल्या चार, पाठीवर आकडे घातलेल्या. खालच्या फळीवर कोऱ्या सहा, कापडात गुंडाळलेल्या. चालू महिना पाचवा, ती पाचवी वही वहिनींच्या हातात होती. भाऊजींनी कोऱ्या वह्यांवरून अलगद बोट फिरवलं आणि पाकिटावर टिपलं: 'कपाट. भरलेल्या चार, कोऱ्या सहा. काय ती बांधणी.' वहिनींनी चौथी वही काढून खिडकीपाशी नेली. त्यांच्या खांद्यावरून भाऊजींनीही पाहिलं. अक्षरं मुंगीच्या पायासारखी बारीक होती.

"सुंदर," ते म्हणाले.

"हो ना," वहिनी म्हणाल्या आणि वही परत जागेवर ठेवली.

गुरुवारी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. सिस्टरांनी राजीनामा पाठवला होता. सोबत दोन ओळी: 'चूक माझीच झाली असावी. आजोबांच्या घरच्यांची मी माफी मागेन.'

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. "चला, निकाल लागला. मला वाटलंच होतं. वही समोर धरली तेव्हाच त्या गप्प झाल्या."

"कधी धरलीत?"

त्यांनी सांगितलं. पुठ्ठ्याचा कपटा म्हणालो तेही सांगितलं. सांगताना सुरुवातीला आवाजात थोडी ऐट होती. सांगता सांगता ती उतरत गेली.

"तुमची पाकिटं काढा," वहिनी म्हणाल्या. "मोठ्याने वाचा."

भाऊजी वाचू लागले. पेन दहाला पडलं. बारीक निब गेलं, मधलं बसवलं. पेन शनिवारी आलं. पहिल्या पानापासून कालच्या पानापर्यंत एकसारखी रेघ...

इथे ते थांबले. मनातल्या मनात ओळ पुन्हा वाचली. मग दुसरं पाकीट काढलं. महिन्याला एक, वर्षाला बारा. भरलेल्या चार, कोऱ्या सहा.

नकाशाच्या कचेरीत नवीन माणसाने रेघ चुकवली तर ते लांबून सांगत, निब बदललंय म्हणून. तीस वर्षं हेच केलं होतं.

"हे तुम्हाला कालच कळलं होतं?"

"मला तुम्हीच सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "एकसारखी रेघ म्हणालात तेव्हा. मी अक्षर बघत होते, रेघ नव्हते बघत. कपाट बघितल्यावर खात्री झाली. उठा. तो पुठ्ठाही घ्या."

दवाखान्याच्या आतल्या खोलीत डॉक्टरबाई, यजमान आणि धाकट्या डॉक्टर बसले होते. वहिनींनी पाचवी वही मध्ये ठेवली, शेजारी कपाटातून मागवून घेतलेली चौथी.

"डॉक्टरबाई, तुमचं पेन दहा तारखेला पडलं. म्हणजे नऊपर्यंतचं सगळं जुन्या, बारीक निबाने लिहिलेलं असायला हवं. चौथ्या वहीसारखं. आता एक तारखेचं पान बघा आणि शेवटचं बघा."

डॉक्टरबाईंनी चष्मा लावला. दोन्ही पानं पाहिली. पुन्हा एकदा पाहिली.

"जाड आहे," त्या म्हणाल्या.

"पहिल्या पानापासून जाड आहे. हे निब शनिवारपर्यंत तुमच्या पेनात नव्हतंच. म्हणजे एक ते नऊ तारखेची पानं शनिवारनंतर लिहिली गेली. आणि ती एका बैठकीत लिहिली. रोज लिहिलेल्या वहीत कधी घाई असते, कधी हात दमलेला असतो, एखादा शब्द खोडलेला असतो. तुमच्या चौथ्या वहीत दर दोन पानांआड खोडलेलं आहे. इथे नऊ दिवसांत एकही नाही."

"म्हणजे पानं बदलली?" यजमान म्हणाले.

"वहीच बदलली. बांधणीच्या वहीतलं एक पान काढलं तर त्याचं जोडपान सुटतं. म्हणून अख्खी नवी वही घेतली. वर्षाला बारा. भरलेल्या चार, चालू एक, म्हणजे कोऱ्या सात हव्यात. कपाटात सहा आहेत."

भाऊजींची नजर जमिनीवर होती.

"हे करायला तीन गोष्टी हव्या होत्या. शनिवारी आलेलं पेन, कपाटातली वही आणि डॉक्टरबाईंचं अक्षर. डॉक्टरबाई आणि यजमान शनिवार-रविवार परगावी. आल्याआल्या वही उघडली ती दोघांच्या देखत. सिस्टर माडीवर येत नाहीत, आणि आपल्याच गळ्यात पडेल असं पान त्या कशाला लिहितील?" वहिनींचा आवाज खाली आला. "पेन ज्यांनी आणलं, इस्पितळाचा फोन ज्यांनी घेतला, त्यांना दुसरं अक्षर कधी आलंच नाही."

यजमान मुलीकडे वळले. "अगं..."

"जुनी वही तुम्ही फाडली नसणार," वहिनी धाकट्या डॉक्टरांना म्हणाल्या. "तुम्ही त्या वह्यांवर गिरवत मोठ्या झालात. घेऊन या."

धाकट्या डॉक्टर उठल्या. माडीच्या पायऱ्या चढताना आणि उतरताना त्यांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. त्यांनी निळी वही आईच्या हातात दिली आणि उभ्याच राहिल्या.

डॉक्टरबाईंनी नऊ तारखेचं पान काढलं. बारीक, थोडं घाईचं अक्षर. 'आजोबा. गोळी कमी करणे. रोज दीड.' त्यांनी ते मोठ्याने वाचलं. कमी करणे, दीड. आपल्याच हाताने लिहिलेल्या दोन शब्दांमधली विसंगती त्यांना त्या दिवशी दिसली नव्हती.

"किती दिवस माहीत आहे तुला?" त्यांनी मुलीला विचारलं. "मी चुकते ते."

"वर्ष होईल. मी मागून सगळ्या पुड्या तपासायचे. मंगळवारी मी दवाखान्यात नव्हते. तुला सांगायची हिंमत झाली नाही, आई. मला वाटलं, सिस्टरांना आपण सांभाळून घेऊ. काढायचं नाही, पगार द्यायचा, म्हणजे झालं. लोक तुला काय म्हणतील याचाच विचार केला."

"आणि सिस्टरांना काय म्हणत होते?"

मुलीने मान खाली घातली. यजमानांनीही. सिस्टरांना समज द्या, असं तेही म्हणाले होते.

भाऊजींनी खिशातला पुठ्ठा काढून वह्यांच्या शेजारी ठेवला. 'आजोबा दीड. विचारलं.' त्या निळ्या कापडाशेजारी तो आणखीच मळका दिसत होता, आणि त्या टेबलावर नऊ तारखेला दवाखान्यात लिहिलेलं खरं तेवढ्या एका तुकड्यावर आणि जुन्या वहीतच होतं.

"त्यांनी राजीनामा माझ्यामुळे दिला," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "मी त्यांना ही वही दाखवून गप्प केलं. कागद चांगला होता म्हणून मी..." त्यांनी पुठ्ठ्याची दुमडलेली कड बोटाने सरळ केली.

डॉक्टरबाईंनी दोन्ही वह्या मिटल्या. "शुक्रवारची वाट कशाला बघायची? मी आत्ता इस्पितळात जाते. आजोबांना आणि त्यांच्या घरच्यांना मीच सांगते. आजपासून रुग्ण बघणं बंद. आणि तू माझ्याबरोबर येतेस. तू काय केलंस ते तू सांगायचं." मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "सिस्टरांकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने," वहिनी म्हणाल्या. "पण आधी भाऊजींना जाऊ दे."

सिस्टरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. वहिनी जिन्याखालीच थांबल्या. तीन मजले चढेपर्यंत भाऊजींनी चार वाक्यं जुळवली आणि दार उघडताच चारही विसरले.

त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. निब, सहा वह्या, धाकट्या डॉक्टर, जुनं पान. सिस्टर दाराची कडी धरून ऐकत होत्या.

"तुम्ही बरोबर ऐकलं होतंत," ते शेवटी म्हणाले. "आणि मी तुमच्याशी जे बोललो त्याची मला लाज वाटते. माफी मागायलाही लाज वाटते."

"आजोबा कसे आहेत?" सिस्टरांनी विचारलं.

"उठून बसले म्हणे. दोन घास खाल्ले."

सिस्टरांनी दाराची कडी सोडली. मग त्यांना आत या म्हणाल्या. भाऊजी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मी वर्षानुवर्षं लोकांना औषधं देते," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही ते पान दाखवलंत आणि मला वाटायला लागलं, खरंच चुकीचं ऐकलं असेल. घरी आले आणि सासूबाईंची गोळी काढायला हातच होईना. तीनदा वाचलं, तरी खात्री नाही. काल आणि आज शेजारणीला बोलावून दिली. कारण तिला सांगितलं नाही. काय सांगणार?"

भाऊजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसता राजीनामा असता तर परत घेता आला असता.

आतल्या खोलीतून सासूबाईंची हाक आली. "अगं, माझी गोळी राहिली का गं दुपारची?"

सिस्टर उठल्या. कोनाड्यातून गोळ्यांची पट्टी आणि चिठ्ठी घेतली. चिठ्ठी वाचली. पट्टी उलटी करून तिच्यावरचं नाव वाचलं. मग पुन्हा चिठ्ठी. त्यांचा अंगठा पट्टीवर तसाच थांबून राहिला.

भाऊजी न राहवून उठले. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. "अर्धीच लिहिलंय, सिस्टर. बरोबर आहे."

सिस्टरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो बघून भाऊजींना थोडं बरं वाटलं.

"मला वाचता येतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी गोळी काढली, नखाने बरोबर मध्ये मोडली आणि पाण्याचा पेला घेऊन आत गेल्या.